फोटोत पांढरे ठिपके आले? स्ट्रोब बिघडलेला नाही

आमच्याकडून पाण्याखालच्या फोटोंचं सामान आणि स्ट्रोब (पाण्याखाली चालणारा फ्लॅश) भाड्यानं नेऊन मालवण-तारकर्लीला डाइव्ह करून आलेल्या मंडळींची सोमवारी सकाळी ठरलेली तक्रार असते: "तुमचा स्ट्रोब खराब आहे, सगळ्या फोटोंत बर्फ पडल्यागत दिसतंय." आम्ही त्यांच्यासमोरच स्ट्रोब तपासतो आणि बहुतेक वेळा तो ठणठणीत निघतो. चुकलेली असते ती त्याची जागा.

पावसाळ्यात गगनबावड्याच्या धुक्यात गाडीचा हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळाचे कण तरंगतच असतात. स्ट्रोब लेन्सला खेटून असला की विषयाच्या आधी मधलं गढूळ पाणीच उजळतं. वाइड अँगल (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सला तर ते पाणी जास्तच दिसतं.

म्हणून दोन्ही स्ट्रोब दोन बाजूंना, कॅमेऱ्याच्या हँडलच्या रेषेत, लांब न्या. डोमच्या (लेन्ससमोरच्या घुमटाच्या)  पुढं येऊ देऊ नका. तोंड थेट विषयाकडं नको, किंचित बाहेर वळवा. प्रकाशाची नुसती कड विषयावर पडली पाहिजे. मासा अगदी हातभर अंतरावर आला तर मात्र स्ट्रोब आत घ्या, नाहीतर मधोमध अंधार राहतो.

बॅगेत मावत नाहीत म्हणून काहीजण लांब आर्म (स्ट्रोब धरणारे दांडे) इथंच ठेवून जातात. सगळं तिथंच फसतं. जोडीनं स्ट्रोब नेणाऱ्यांकडून आर्मचं वेगळं भाडं आम्ही याचसाठी घेत नाही. तेवढे न्याच.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, आणि स्ट्रोबचा प्रकाश विषयापर्यंत जाऊन लेन्सपर्यंत परत येतो, म्हणजे अंतर दुप्पट. मीटरभराच्या आत जा. पाच मीटरवरचा खडक कितीही पॉवर वाढवली तरी रंगात येत नाही. मागच्या पाण्याचा रंग शटरच्या वेगावर ठरतो: स्ट्रोब बंद ठेवून अ‍ॅपर्चर एफ ८, शटर १/१२५ सेकंदापासून सुरू करा, पाणी मनासारखं दिसलं की मग स्ट्रोब चालू करा.

सामान देण्याआधी आम्ही अर्धा तास बसवून घेतो, त्याचा काहींना कंटाळा येतो. पण काउंटरवरच्या काचेच्या टाकीत दुधाचे चार थेंब टाकून, स्ट्रोब आधी जवळ आणि मग लांब ठेवून काढलेले दोन फोटो शेजारी-शेजारी पाहिले की परत सांगावं लागत नाही. हा अर्धा तास मोफत आहे.

ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवारचं बुकिंग लवकर भरतं, गुरुवारपर्यंत कळवा. परत आणताना सगळं सामान गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेलं असावं. खारं पाणी वाळलं की बटणं अडकतात.