घरातली पोर्ट्रेट: मेगापिक्सेलच्या आधीपासूनचा प्रश्न

१८३९मध्ये दाग्युएरची धातूच्या प्लेटवर फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली, पण तिने माणसाचा फोटो काढणे जवळजवळ अशक्यच होते. भिंगाचे छिद्र इतके लहान, साधारण एफ/१५चे (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान), की भर उन्हातही प्लेट कित्येक मिनिटे उघडी ठेवावी लागे. पुढच्याच वर्षी योझेफ पेट्झवाल यांनी खास पोर्ट्रेटसाठी एफ/३.६च्या जवळपासचे भिंग गणिताने आखले आणि प्लेटवर पडणारा उजेड सोळा-सतरा पट वाढला. तरीही बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावावा लागत असे. खोलीतला अपुरा उजेड आणि हलणारी माणसे ही अडचण आजच्या कॅमेऱ्यांपुढेही आहे. तरी कॅमेरा घेताना पहिली चौकशी होते ती मेगापिक्सेलची. ही सवय आपल्याला डिजिटलच्या पहिल्या काही वर्षांनी लावली.

त्या काळी ती योग्यही होती. १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. १९९५च्या कॅसिओ क्यूव्ही-१०मध्ये पाठीमागे पडदा आला, पण चित्र ३२० × २४० पिक्सेलचेच राहिले. अशा फाइलची भिंतीवर लावण्याजोगी प्रिंट निघत नसे. ८ × १० इंचांची प्रिंट इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने २४०० × ३००० पिक्सेल मागते, म्हणजे ७२ लाख, अर्थात ७.२ मेगापिक्सेल. २००३चा कॅनन ३००डी ६.३ मेगापिक्सेलचा होता, तेव्हा घरगुती प्रिंटचा प्रश्न जवळजवळ तिथेच सुटला होता.

शर्यत मात्र थांबली नाही. खिशातल्या कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारी चकती, नखाएवढाच राहिला आणि पिक्सेल वाढत गेले. १/२.३ इंची म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. मोठ्या कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७ आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा फुल फ्रेम ८६४ चौरस मिलिमीटर भरतो. शटर आणि छिद्र सारखे ठेवले तर जितके क्षेत्रफळ मोठे तितका एकूण उजेड जास्त गोळा होतो आणि चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला दाणे कमी दिसतात. कॅननने २००८च्या जी१०मध्ये १४.७ मेगापिक्सेल दिले आणि २००९च्या जी११मध्ये ते १०वर आणले. निर्मात्याने आकडा उघडपणे मागे घ्यावा, असे फार क्वचित घडते.

कमी उजेडाच्या बाजूने खरी उडी २००७च्या निकॉन डी३ने घेतली. १२ मेगापिक्सेलचा हा फुल फ्रेम कॅमेरा आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता; वाढवली की दाणेही वाढतात) ६४००ला वापरण्याजोगे चित्र देत असे. म्हणूनच जुनी पण चांगल्या स्थितीतली, २०१२नंतरची एपीएस-सी किंवा फुल फ्रेम बॉडी (लेन्सविना कॅमेरा) घरातल्या पोर्ट्रेटला आजही पुरते. जुन्या बॉडीमुळे वाचलेला पैसा लेन्सवर घालावा. बॉडी नवी आणि लेन्स जेमतेम, ही उलटी जोडी सर्रास दिसते.

त्यालाही इतिहास आहे. ३००डीबरोबर १८-५५ मिलिमीटरची (ही फोकल लांबी; आकडा मोठा तितके दृश्य जवळ येते) एफ/३.५-५.६ किट लेन्स मिळे, आणि तोच साचा पुढे सगळ्यांनी उचलला. उन्हात ती उत्तम चालते. पण पोर्ट्रेटसाठी ५५ मिलिमीटरला आणली की तिचे छिद्र एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात १/१२५ सेकंद शटर ठेवले, तर एफ/५.६ला आयएसओ साधारण ६४०० ते १२८०० लागतो. एफ/१.८ला तेच काम ६४० ते १२८०मध्ये होते. लेन्समधले स्टॅबिलायझेशन इथे फारसे उपयोगी नाही. ते धरणाऱ्याच्या हाताचा कंप सावरते, पण मूल हलले तर चित्र हललेलेच येते. मुलांसाठी १/२५० तरी हवे.

कुठली लेन्स, हे खोलीची लांबी ठरवते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळात ८५ ते १०५ मिलिमीटर ही पोर्ट्रेटची फोकल लांबी ठरून गेली, कारण तिने खांद्यापर्यंतचे चित्र घेताना आपोआप दीड-दोन मीटर मागे जावे लागते आणि नाक फुगल्यासारखे दिसत नाही. चेहऱ्याचे प्रमाण अंतराने बदलते, लेन्सच्या आकड्याने नव्हे. फुल फ्रेमवर ८५ मिलिमीटरने उभा माणूस पूर्ण घ्यायचा तर सुमारे पाच मीटर जागा लागते, आणि एवढी मोकळी जागा घरात सहसा नसते. एपीएस-सीवर ३५ मिलिमीटरला तीन मीटर पुरतात. त्यामुळे घरासाठी आधी ३५, मग एकट्याच्या चेहऱ्यासाठी ५० हा क्रम शहाणपणाचा. जुनी लेन्स घेताना एक खाच लक्षात ठेवावी: २००६च्या डी४०पासून निकॉनने लहान बॉडींतून फोकसची मोटर काढली. अशा बॉडीवर स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो.

मोठ्या छिद्राची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. एपीएस-सीवर ५० मिलिमीटर, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर पुढे-मागे मिळून जेमतेम ११ सेंटिमीटरचा भाग स्पष्ट येतो. एफ/५.६ला तो ३५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. दोघांचा फोटो एफ/१.८ला काढला की एक चेहरा हमखास मऊ पडतो. दोन रांगा असतील तर ३५ मिलिमीटर, एफ/५.६ आणि तीन मीटर हे जमते, पण मग उजेड बाहेरून आणावा लागतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, फोकसचा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो. त्याची जुळणी किंचित चुकली तरी पापणीऐवजी कान स्पष्ट येतो. २००८च्या पॅनासॉनिक जी१पासून आलेल्या मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांत फोकस चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच ठरतो, म्हणून हा दोष सहसा उरत नाही. सोनीच्या कॅमेऱ्यांत डोळा ओळखण्याच्या सोयीसाठी सुरुवातीला वेगळे बटण दाबून धरावे लागे. २०१९च्या सोनी ए६४००मध्ये शटर अर्धे दाबले की ती आपोआप डोळा धरू लागली. घरात लहान मूल असेल, तर जुन्याऐवजी नवी बॉडी घेण्याचे मला पटणारे हे एकमेव कारण.

मिररलेसने नवी खोडही आणली. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले की काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. ५० हर्ट्झ विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवले की पट्टे जातात. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२० किंवा १/६० ठेवावे.

अंगच्या फ्लॅशवर भिस्त ठेवू नये. तो लेन्सच्या फार जवळ असल्याने डोळे लाल येतात आणि भिंतीवर कडक सावली पडते. वर आणि बाजूलाही वळणाऱ्या डोक्याचा फ्लॅश पांढऱ्या छतावर टाकला, तर एफ/५.६ला आयएसओ ४०० ते ८००मध्ये काम भागते. डोके फक्त वर वळणारे असेल, तर कॅमेरा उभा धरताच उजेड छताऐवजी बाजूच्या भिंतीवर जातो. भिंत रंगीत असेल तर चेहऱ्यालाही तोच रंग चढतो. विकत घेण्याआधी हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची कॅमेऱ्यावरची जागा, हीही पाहून घ्यावी. २०१९च्या कॅनन २५०डीसारख्या काही बॉडींत मधली पिन नाही, त्यामुळे केवळ त्या पिनवर चालणारे इतर कंपन्यांचे फ्लॅश आणि ट्रिगर तिथे पेटत नाहीत.