ठाणे खाडी

ठाणे खाडी : मुंबई बंदरापासून उत्तरेकडे ठाणे शहरापर्यंत आत शिरलेला अरबी समुद्राचा फाटा. लांबी सुमारे २६ किमी. पश्चिम काठावर ट्रॉम्बे, मानखुर्द, विक्रोळी, भांडुप, मुलुंड व ठाणे, तर पूर्व काठावर बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली व कळवा ही ठिकाणे आहेत. दक्षिणेला खाडीचे पात्र ऐसपैस आहे, ठाण्याजवळ ते अगदी चिंचोळे होते. मुंबई उपनगरे ज्यावर वसली ते साष्टी बेट मुख्य भूमीपासून या बाजूने खाडीमुळेच तुटलेले आहे.

ठाण्याच्या उत्तरेस उल्हास नदीचा एक अरुंद फाटा खाडीला येऊन मिळतो. नदीचे बहुतेक पाणी मात्र वसईच्या खाडीने समुद्रात जाते. त्यामुळे पावसाळा सोडला तर ठाणे खाडीला गोडे पाणी फारसे मिळत नाही आणि आत आलेला गाळ धुऊन नेणारा जोरही तिला उरत नाही. तो दोन्ही काठांवर साचत जातो. दिवसातून दोनदा भरती येते. ओहोटीला पाणी मागे सरले की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी. काठावरचे जुने जाणते तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढतात : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीचे तक्ते आता मोबाइलवर मिळतात, पण हा हिशेब आजही उपयोगी पडतो.

खाडीची खरी संपत्ती हा चिखलच आहे. काठावर तिवरांचे दाट रान, म्हणजे कांदळवन, आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून खुंटांसारखी वर आलेली असतात, कारण त्या गाळात मुळांना हवा मिळत नाही. पाण्यातून शोषलेले जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. गळलेली पाने कुजतात, त्यांवर जिवाणू, किडे व कृमी वाढतात आणि त्यांच्यावर मासे, कोलंबी व खेकडे पोसतात. ओल्या त्वचेतून श्वास घेत चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, बिळांतल्या चिंबोऱ्या, दगडांना चिकटलेली कालवे, बोई आणि आगरी-कोळी घरांत मानाचा समजला जाणारा जिताडा ही सगळी याच साखळीतली मंडळी. तिवरांच्या रानात सोनेरी कोल्हाही राहतो. लाखो माणसांच्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर तो अजून टिकून आहे, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

खाडीची कीर्ती मात्र पसरली ती रोहित पक्ष्यांमुळे. फ्लेमिंगो किंवा अग्निपंख या नावांनीही ते ओळखले जातात. धाकटा आणि थोरला अशा दोन्ही जाती येथे येतात, त्यांत धाकट्या रोहिताची संख्या कितीतरी जास्त. १९९०च्या दशकापासून हे पक्षी शिवडी व ठाणे खाडीत नियमित दिसू लागले. साधारण नोव्हेंबरपासून ते येऊ लागतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत राहतात. अलीकडच्या गणनांमध्ये त्यांची संख्या लाखावर गेली आहे. गुजरातच्या कच्छ भागात त्यांची वीण होते. खाडीवर ते केवळ चरायला येतात. धाकटा रोहित चोच उलटी करून पाणी व चिखल गाळतो आणि सूक्ष्म नीलहरित शैवाल खातो. त्या शैवालातील रंगद्रव्यांमुळे त्याची पिसे गुलाबी होतात. पिल्ले राखाडी असतात, म्हणून थव्यात मधूनमधून मळकट रंगाचे पक्षी दिसतात. ते आजारी नसतात, वयाने लहान असतात.

एवढे शैवाल खाडीत आले कुठून, या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. दोन्ही काठांवरच्या वस्तीचे सांडपाणी खाडीत येते; त्यातल्या नत्र व स्फुरदामुळे शैवाल फोफावते, असे अभ्यासक मानतात. त्यात नवी मुंबईतल्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्याच्या सांडपाण्याचीही भर पडत आली आहे. रोहितांचे लाखांचे थवे म्हणजे खाडी निरोगी असल्याचा दाखला, असा अर्थ काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. ज्या पाण्यात शैवाल वाढते त्याच पाण्यात प्राणवायू घटला की मासळी तगत नाही.

ओहोटीत पक्षी चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांना उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. ही जागा म्हणजे नेरूळ-सीवूड्‌स भागातील पाणथळी आणि भांडुपकडची मिठागरे. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सहा रोहितांना उपग्रह टॅग लावले. त्यांतल्या एकाचे नाव ‘नवी मुंबई’ ठेवले होते. चिखलपट्टे व शहरातली तळी यांच्यात पक्ष्यांची जी ये-जा चालते, ती अशा नोंदींतून स्पष्ट झाली. म्हणून भरतीच्या वेळेची तळी बुजवली, तर खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्यातला चिखल कितीही राखला तरी पक्षी टिकणार नाहीत. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग अडले आणि २०२४ मध्ये तेथे रोहित मरून पडलेले आढळले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरजवळ विमानाला धडकून ३० हून अधिक रोहित ठार झाले.

रोहितांखेरीज खाडीवर दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे : शेकाट्या, उचाट्या, तुतारी, कुरव, रंगीत करकोचा, खंड्या, दलदलीवर घिरट्या घालणारे भोवत्ये. हजारो किलोमीटर उडून येणारे छोटे तुतारी रोहितांच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाहीत. दुर्बीण हाती असेल त्याने आधी त्यांच्याकडे वळावे.

खाडीने ठाण्याला बंदर दिले. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी ‘स्थानक’ ती हीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने येथून कातडी व सुती कापड बाहेर जात असल्याचे आणि घोडे आयात होत असल्याचे लिहिले आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये खाडीकाठी किल्ला बांधायला घेतला. १७३७ मध्ये साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैदेत होते आणि सप्टेंबर १८१६ मध्ये येथूनच निसटले. आज तेथे ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल होऊन लोहमार्ग कल्याणला पोहोचला.

काठावरच्या आगरी समाजाने मिठागरे पिकवली, भातशेतीसाठी बांध घातले. मिठागरात भरतीचे पाणी वाफ्यांत कोंडून उन्हाने आटवतात आणि पावसाच्या आत मीठ ओढून घेतात. ठाणे पूर्वेच्या ‘मीठबंदर’ या नावात त्या व्यापाराची आठवण राहिली आहे. चेंदणी, दिवाळे, वाशी, सारसोळे येथील कोळी पाग आणि डोल जाळ्यांनी मासेमारी करत आले. नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून वाजतगाजत नारळ खाडीकडे निघतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, वाशीचा पहिला पूल १९७३ चा. नवे शहर उभे राहिले ते या गावांच्या शेतांवर, मिठागरांवर आणि मासेमारीच्या जागांवर. त्यानंतर वाशीला रेल्वेपूल, आणखी रस्तापूल, ऐरोलीचा पूल आणि दक्षिणेला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू अशी भर पडत गेली. तिसऱ्या वाशी पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मच्छीमारांच्या भरपाईसाठी धोरण ठरवण्यास राज्य सरकारला सांगितले. फार आधी व्हायला हवी होती अशी ही गोष्ट.

कांदळवन तोडण्यावर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निर्बंध घातले व २०१८ च्या निकालात ते कायम केले. ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. ऑगस्ट २०२२ मध्ये अभयारण्य व भोवतालचा परिसर मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर व लोणार ही राज्यातली आधीची दोन रामसर स्थळे. नेरूळची तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. त्यांपैकी डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली.

ऐरोलीला कांदळवन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. खाडीचे संग्रहालय म्हणता येईल असे हे ठिकाण : कांदळवनाची व सागरी जिवांची माहिती देणारी दालने, देवमाशाचा सांगाडा आणि तिवरांतून जाणारी पायवाट. येथूनच रोहित पाहण्यासाठी बोटी सुटतात. फेरीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे ती रोज बदलते. पक्षी मोठ्या संख्येने पाहायचे असतील, तर डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा.