फायरफॉक्स आणि रॅम: तक्रार जुनीच, आरोपी दरवेळी नवा

फायरफॉक्स या ब्राउझरचं नवीन व्हर्जन आलं रे आलं की एक जण म्हणतो मस्त आहे, फास्ट वाटतंय, आणि दुसरा लगेच टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्राम किती मेमरी खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून सांगतो की चार टॅबला दीड जीबी रॅम, हे काय चाललंय. मग तिसरा येतो आणि अबाऊट:कॉन्फिग या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन अमुक सेटिंग शून्य करा म्हणतो, आणि ते सेटिंग बहुतेक वेळा २००६ सालच्या दुखण्यावरचं असतं. तक्रार वीस वर्षं तीच आहे, पण तिच्यामागचं कारण मधल्या काळात चारपाच वेळा बदललंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट मांडावं.

मुळात फायरफॉक्स जन्माला आला तोच हलका ब्राउझर म्हणून. १९९८ मध्ये नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीने आपला कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्यातून मोझिला सूट तयार झालं, त्यात ब्राउझर, मेल, वेबपेज बनवायचा एडिटर सगळं एकाच गाठोड्यात. त्याला कंटाळून आतल्याच काही पोरांनी फक्त ब्राउझर वेगळा काढला, सप्टेंबर २००२ मध्ये तो फिनिक्स ०.१ म्हणून आला, मग नावावरून कटकट झाली म्हणून फायरबर्ड, तेही नाव एका डेटाबेसचं निघालं म्हणून फायरफॉक्स, आणि ९ नोव्हेंबर २००४ ला १.० आलं. तेव्हा समोर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ होता, २००१ पासून जागचा न हललेला, टॅब नाहीत की काही नाही. त्यामुळे लोकांनी फायरफॉक्स उचलून धरला, पण 'हलका' हे बिरुद तेव्हापासून गळ्यात पडलं ते पडलंच. इतरांनी रॅम खाल्ली तर चालते, याने खाल्ली की विश्वासघात.

पहिला मोठा बोभाटा झाला १.५ वर, म्हणजे नोव्हेंबर २००५ नंतर. त्यात एक फीचर आलं होतं, बॅक बटण दाबलं की मागचं पान नव्याने न काढता जसंच्या तसं झटकन समोर यायचं. त्यासाठी ती मागची पानं तयार अवस्थेत मेमरीत ठेवावी लागायची, किती ते मशीनच्या रॅमवर ठरायचं, २५६ एमबी असेल तर ३ पानं, ५१२ असेल तर ५, १ जीबी किंवा जास्त असेल तर ८. आपल्याकडे तेव्हा २५६ वाली मशीन सर्रास असायची, त्यावर विंडोज एक्सपी, अँटीव्हायरस आणि हे, म्हणजे हार्ड डिस्कचा दिवा विझायचाच नाही. फायरफॉक्सच्या टीममधूनच तेव्हा सांगण्यात आलं की तुम्ही ज्याला लीक (वापरून झाल्यावरही न सोडलेली मेमरी) म्हणताय त्यातला काही भाग हे फीचर आहे. लोकांनी याची इतकी टर उडवली की विचारू नका, पण माझ्या मते ते म्हणणं खरं होतं, फक्त अर्धं खरं होतं. अशी किती पानं ठेवायची ते ठरवणारं सेशनहिस्टरीवालं सेटिंग शून्य करण्याचा सल्ला याच काळातला, आज ८ जीबीच्या मशीनवर ते करून बॅक बटण मंद होण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

अजून एक गंमत त्याच काळातली. विंडो मिनिमाइज केली की टास्क मॅनेजरमधला आकडा १५० एमबीवरून धाडकन खाली यायचा आणि लोक खूष, बघा मेमरी सोडली! प्रत्यक्षात विंडोज ती मेमरी प्रोग्रामकडून तात्पुरती काढून घ्यायची, परत विंडो उघडली की सगळं पुन्हा जागेवर आणेपर्यंत ब्राउझर ढिम्म. म्हणजे आकडा सुंदर आणि अनुभव भिकार. त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे इथेच कळायला हवं होतं.

राहिलेलं अर्धं खरं म्हणजे खरेखुरे लीक, आणि त्यांच्यावर धड काम झालं ते फायरफॉक्स ३ ला. १७ जून २००८ ला ते आलं, २४ तासांत ८० लाखांवर डाउनलोड, गिनीज रेकॉर्ड वगैरे झालं, पण खरी मेहनत आत होती. ब्राउझरमध्ये पानावरची एखादी वस्तू जावास्क्रिप्टमधल्या (वेबपानं ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात तिच्यातल्या) वस्तूला धरून असते आणि ती जावास्क्रिप्टवाली उलट पानावरच्या वस्तूला. पतसंस्थेत दोघं एकमेकांना जामीन राहिले की दोघांचीही फाइल बंद होत नाही, अगदी तसंच, पान बंद करून तास झाला तरी दोघांपैकी कोणीच मोकळं होत नाही. फायरफॉक्स ३ मध्ये असल्या गोल गाठी शोधून तोडणारी सोय आली, सायकल कलेक्टर. दुसरं दुखणं होतं तुकड्यांचं. दिवसभर पानं उघडबंद करून मेमरीत बारीक बारीक मोकळ्या जागा पडायच्या, मधे कुठेतरी दोनचार चिमुकल्या वस्तू अडकलेल्या, त्यामुळे आजूबाजूचा अख्खा पट्टा रिकामा असून विंडोजला परत देता यायचा नाही. म्हणून मेमरी वाटणारा भागच बदलला आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधला जेमॅलॉक आणून बसवला.

आणि तिसरं, फोटो. ही गोष्ट आजही लोकांना माहीत नसते. ३ एमबीचा जेपीजी फोटो पडद्यावर दाखवायचा तर आधी उलगडावा लागतो, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या फोटोला मेमरीत ४८ एमबी. असे दहा फोटो एका पानावर पूर्ण आकारात टाकले की हिशोब तुम्हीच करा. जुनी व्हर्जन ही उलगडलेली प्रत धरून बसायची, ३ ने थोड्या वेळाने ती टाकून द्यायला आणि लागली तर परत उलगडायला सुरुवात केली.

मराठी वाचणाऱ्यांसाठी मात्र ३ ची मोठी बातमी मेमरी नव्हतीच. त्याआधी जस्टिफाय केलेला, म्हणजे दोन्ही कडा सरळ केलेला मजकूर फायरफॉक्समध्ये उघडला की काना, मात्रा, जोडाक्षरं सुटी सुटी होऊन पडायची, वाचणाऱ्याला वाटायचं लिहिणाऱ्याचं काहीतरी चुकलंय, ब्लॉगवाले एकमेकांना कळवळून सांगायचे की बाबांनो डावीकडून सरळ ठेवा. ३ मध्ये ते सुटलं. शिवाय तेव्हाच्या बऱ्याच भारतीय भाषांमधल्या वर्तमानपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, नसायच्या, स्वतःचे फॉन्ट, ते नीट दिसायचे फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. फायरफॉक्सवाल्यांसाठी पद्मा नावाचं ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचा छोटा जादा प्रोग्राम) होतं, ते असला मजकूर युनिकोडमध्ये फिरवून द्यायचं. आता कोणी सांगितलं की ॲड-ऑन काढा म्हणजे रॅम वाचेल, तर ज्याला पेपर वाचायचाय तो काय ऐकणार होता?

२ सप्टेंबर २००८ ला क्रोम आला आणि भांडणाचा विषयच फिरला. आत्तापर्यंत सगळा ब्राउझर म्हणजे एक प्रोसेस (विंडोजच्या लेखी स्वतंत्र चालणारा एक प्रोग्राम), क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकले, एक कोसळला तर बाकीचे शाबूत, आणि टॅब बंद केला की त्याची अख्खी प्रोसेस मरते, तुकड्यांचा प्रश्नच नाही. सुरुवातीला मेमरी थोडी जास्त लागेल हे गूगलने तेव्हाच, क्रोमची ओळख करून देणाऱ्या चित्रकथेत, कबूल केलं होतं. टास्क मॅनेजरमध्ये ओळीने पंधरा क्रोम दिसायला लागले आणि लोक त्यांची बेरीज करायला लागले, ज्यात सगळ्यांत सामाईक असलेला भाग पंधरा वेळा मोजला जाण्याची शक्यता असते हे कोण सांगणार.

इकडे फायरफॉक्स ४ मार्च २०११ मध्ये आला, जावास्क्रिप्ट सुसाट पण पोट सुटलेलं, कारण जावास्क्रिप्टचा कचरा, म्हणजे वापरून झालेल्या वस्तू, उचलायला ब्राउझर फार उशीर लावायचा. बोंबाबोंब झाल्यावर निकोलस नेदरकोट या मोझिलातल्या (फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेतल्या) प्रोग्रामरने जून २०११ मध्ये मेमश्रिंक नावाचं काम हाती घेतलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडणारा भाग हाच, कारण यांनी वाद घालण्याऐवजी मोजायला घेतलं. अबाऊट:मेमरी हे पान आधीपासून होतं, ते इतकं सविस्तर केलं की कुठल्या साइटने किती, फोटोंनी किती, जावास्क्रिप्टने किती, सगळं झाडासारखं उलगडून दिसायला लागलं. टॅब बंद केल्यावरही तिथे त्या साइटचं नाव लटकत राहिलं तर त्याला ते झोंबी म्हणायचे. सप्टेंबर २०११ मध्ये फायरफॉक्स ७ आलं तेव्हा मोझिलाने सांगितलं की मेमरी बऱ्याचदा २० ते ३० टक्के, कधी तर ५० टक्के कमी लागते.

आणि मोजल्यावर निघालं काय, तर बरेचसे झोंबी ॲड-ऑननी धरून ठेवलेले. ऑगस्ट २०१२ च्या फायरफॉक्स १५ मध्ये पान बंद झालं की ॲड-ऑनच्या हातातली दोरी ब्राउझरच कापून टाकेल अशी सोय केली, आणि एका फटक्यात असले बहुतेक लीक गेले. पुढे २०१४ मध्ये नेदरकोटनेच दाखवलं की ॲडब्लॉक प्लस पानातल्या प्रत्येक आयफ्रेमसाठी (पानात बसवलेल्या छोट्या पानासाठी) काय लपवायचं याची आपली भलीमोठी यादी वेगळी लावायचं, आणि काही पानांवर असे आयफ्रेम डझनांनी असतात. जाहिरात रोखणारं ॲड-ऑन जाहिरातीपेक्षा जास्त खातंय हे ऐकून लोकांचे चेहरे पडले होते.

पुढचं पटकन सांगतो. फायरफॉक्सही अनेक प्रोसेसवर गेला, ऑगस्ट २०१६ ला ४८ मध्ये सुरुवात, जून २०१७ च्या ५४ मध्ये पानांसाठी चार प्रोसेस, आणि नोव्हेंबर २०१७ ला ५७, ज्याला क्वांटम नाव दिलं. क्रोमपेक्षा ३० टक्के कमी मेमरी ही त्याची जाहिरात होती, पण जुन्या पद्धतीची ॲड-ऑन त्यात कायमची मेली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं आपला ब्राउझर हवा तसा सजवला होता ते अजूनही त्याबद्दल शिव्या घालतात, रास्तच आहे.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर बाहेर आलं, प्रोसेसरमधलीच खोट, एका साइटच्या कोडला त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या साइटचा डेटा चोरून वाचता येण्याची शक्यता. भरवशाचा उपाय म्हणजे वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये. क्रोमने २०१८ मध्येच ते केलं आणि १० ते १३ टक्के मेमरी वाढेल हे स्पष्ट सांगितलं, फायरफॉक्सने फिशन नावाने तेच काम नोव्हेंबर २०२१ च्या ९४ पासून आणलं. आज टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्सच्या पंचवीस ओळी दिसतात त्या बहुतांशी यामुळे. त्या रॅमच्या बदल्यात तुमच्या बँकेचं पान शेजारच्या फालतू टॅबपासून वेगळं राहतं, मला तरी हा सौदा मान्य आहे.

आणि आता ओघ उलटा, सगळेच ब्राउझर न वापरलेले टॅब झोपवायला लागलेत. मायक्रोसॉफ्टच्या एजचे स्लीपिंग टॅब, क्रोमचं मेमरी सेव्हर, फायरफॉक्स ९३ पासून विंडोजवर मेमरी संपत आली की आपोआप टॅब मेमरीतून उतरवणं, आणि जून २०२५ च्या १४० पासून टॅबवर राइट क्लिक करून स्वतःच उतरवायची सोय. लगेच पुढच्या महिन्यात १४१ मध्ये टॅबचे गट सुचवणारं एआय आलं, ते मॉडेल तुमच्याच मशीनवर चालतं, म्हणजे खासगीपणा तुमचा आणि रॅमही तुमचीच. तेव्हा कोणी नवीन आकडा घेऊन आलं तर आधी अबाऊट:प्रोसेसेस उघडायला सांगा, तिथे कुठली साइट, कुठलं एक्स्टेन्शन (म्हणजे ॲड-ऑन), किती मेमरी आणि किती सीपीयू हे ओळीने दिसतं, बऱ्याचदा वरचं नाव व्हिडिओच्या किंवा चॅटच्या एखाद्या टॅबचं निघतं जो सकाळपासून उघडा असतो.