रिचर्ड दुसरा : एका जप्तीने गेलेलं सिंहासन

३ फेब्रुवारी १३९९ रोजी जॉन ऑफ गाँट वारला. लँकेस्टरचा हा ड्यूक राजा रिचर्ड दुसरा याचा सख्खा काका आणि इंग्लंडमधला सर्वांत मोठा जमीनदार. त्याचा मुलगा हेन्री बोलिंगब्रोक तेव्हा हद्दपारीत होता. मार्चमध्ये रिचर्डने ती सगळी जहागीर जप्त केली आणि चुलतभावाची हद्दपारी आजन्म केली. त्याच वर्षी त्याचं राज्य गेलं.

वैर मात्र जुनं होतं. रिचर्ड १३७७ मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम १० वर्षांचा होता. १३८१ च्या शेतकरी बंडात १४ वर्षांचा हा पोरगा स्मिथफील्डला बंडखोरांसमोर घोडा घेऊन उभा राहिला, हे धाडस मान्य करायलाच हवं. पण तेव्हा दिलेली वचनं त्याने नंतर फिरवली. पुढे रॉबर्ट डी व्हियरसारख्या मर्जीतल्या माणसांवर त्याने खैरात केली, तेव्हा सरदार बिथरले. १३८८ च्या संसदेत पाच सरदारांनी राजाच्या जवळच्या माणसांवर खटले चालवले आणि त्यांतल्या अनेकांना फासावर किंवा तलवारीखाली पाठवलं. ज्याच्या हाताखाली राजा लहानाचा मोठा झाला, तो सायमन बर्लीही त्यांत होता. ही जखम रिचर्ड कधीच विसरला नाही, असं मला वाटतं.

नऊ वर्षांनी त्याने हिशेब चुकता केला. १३९७ मध्ये त्या पाच सरदारांपैकी अरंडेलच्या अर्लचा शिरच्छेद झाला, वॉरिकच्या अर्लला हद्दपार केलं गेलं आणि काका ग्लॉस्टर कॅलेच्या कैदेत मेला. पाचांतले उरले दोघे, मोब्रे आणि बोलिंगब्रोक. १३९८ मध्ये कॉव्हेंट्रीला त्यांचं द्वंद्व ठरलं होतं. राजाने ते ऐन वेळी थांबवून दोघांनाही देशाबाहेर काढलं.

सूड, सक्तीची कर्जं, चेशायरच्या तिरंदाजांचा खासगी पहारा, हे सगळं लोकांनी सोसलं होतं. जहागिरीची जप्ती वेगळी होती. बापाची जमीन मुलाला मिळते, या एका नियमावर प्रत्येक सरदाराचं घर उभं होतं. लँकेस्टरचं वतन जाऊ शकतं, तर आपलं का नाही?

एवढं करून रिचर्ड फौज घेऊन आयर्लंडला गेला! जुलैच्या सुरुवातीला बोलिंगब्रोक मोजक्या माणसांनिशी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर उतरला. मी फक्त माझा वारसा मागायला आलोय, असं तो सांगत होता. उत्तरेचं बडं सरदार घराणं, पर्सी, त्याला मिळालं. राज्य सांभाळायला मागे ठेवलेला यॉर्कचा ड्यूकही त्याच्याकडे गेला. रिचर्ड वेल्समध्ये परतला तोवर त्याची फौज विरघळली होती. ऑगस्टमध्ये फ्लिंटच्या किल्ल्यात तो शत्रूच्या हाती सापडला.

३० सप्टेंबरला, रिचर्डनेच नव्याने घडवून घेतलेल्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, त्याला पदच्युत केलं गेलं. आरोपांची ३३ कलमं होती. कायदे आपल्या मुखात आणि छातीत आहेत असं राजा म्हणतो, हा त्यांतलाच एक आरोप. कलमं जिंकणाऱ्यांनी लिहिलेली आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावं. १४०० च्या फेब्रुवारीत पॉन्टिफ्रॅक्टच्या किल्ल्यात रिचर्ड मेला, बहुधा उपासमारीने.

हेन्री चौथा म्हणून गादीवर बसलेल्या बोलिंगब्रोकने लँकेस्टरची जहागीर राजघराण्याच्या इतर मालमत्तेत मिसळू दिली नाही. ती आजही वेगळीच सांभाळली जाते.