प्रादेशिक हवा गुणवत्ता संस्थेचे प्रमुखपद

एका शहराच्या, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या हद्दीत न मावणाऱ्या हवाक्षेत्राची देखरेख ज्या सार्वजनिक संस्थेकडे असते, तिचा कारभार चालवणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे पद. कॅलिफोर्नियातील हवा जिल्ह्यांत, म्हणजे हवेच्या नियंत्रणासाठी स्थापन केलेल्या स्थानिक संस्थांत, या अधिकाऱ्याला ‘एअर पोल्यूशन कंट्रोल ऑफिसर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह ऑफिसर’ म्हणतात. दिल्ली आणि लगतच्या परिसरासाठी नेमलेल्या आयोगात ही धुरा पूर्णवेळ अध्यक्षाकडे असते. पदनाम बदलले तरी पेच तोच राहतो. नागरिक, वृत्तपत्रे आणि न्यायालये या अधिकाऱ्याला साऱ्या हवेबद्दल जाब विचारतात. कायद्याने मात्र हवा बिघडवणाऱ्या घटकांपैकी मोजकेच त्याच्या अखत्यारीत दिलेले असतात. कारखान्याचे धुराडे त्याच्या ताब्यात असते, रस्त्यावरचा ट्रक सहसा नसतो. या पदावर कोण यशस्वी ठरले आणि कोण नाही, हे बऱ्याच अंशी या तफावतीशी त्यांनी कसे जुळवून घेतले यावर ठरले आहे.

पूर्वपीठिका

हवेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आसपासची शेते आणि झाडे जाळत असे. १८६३ च्या अल्कली कायद्याने या वायूपैकी ९५ टक्के भाग कारखान्यातच शोषून घेणे बंधनकारक केले आणि अंमलबजावणीसाठी निरीक्षकाचे पद निर्माण केले. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. १८८४ मध्ये निधन होईपर्यंत ते या कामात राहिले. खटले भरण्यापेक्षा कारखानदाराला वायू पकडण्याची रीत समजावून सांगण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्यावर मवाळपणाचा आरोप झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण त्यांची खरी मर्यादा कायद्यातच होती: त्यांना एका उद्योगाच्या एका वायूपुरताच अधिकार होता आणि त्याच शहरांवर पसरणारा कोळशाचा धूर त्यांच्या कक्षेबाहेर होता.

लॉस एंजेलिसचा अनुभव

प्रमुखपदाला आजचे रूप आले ते लॉस एंजेलिसमध्ये. २६ जुलै १९४३ रोजी शहरावर डोळे झोंबवणारे दाट धुके उतरले. युद्धाचे दिवस असल्याने काहींना तो रासायनिक हल्लाच वाटला. संशय कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. चार महिन्यांत हा त्रास समूळ संपेल, असे महापौर फ्लेचर बाउरन यांनी जाहीर केले. कारखाना काही काळ बंद ठेवून पाहिला, तरी धुके येतच राहिले.

शहरापुरते धूर नियंत्रण कार्यालय काढूनही भागेना, कारण कारखाने शेजारच्या नगरपालिकांच्या हद्दीत होते. अखेर १९४७ मध्ये राज्याने कायदा केला आणि संपूर्ण काउंटीसाठी (अनेक नगरपालिका सामावणारा प्रशासकीय विभाग) हवा प्रदूषण नियंत्रण जिल्हा स्थापन झाला. अमेरिकेतला हा अशा प्रकारचा पहिलाच जिल्हा. त्याचे पहिले प्रमुख लुई मॅकेब हे केंद्र सरकारच्या खाण विभागातून आलेले तज्ज्ञ होते. त्यांनी कारखान्यांना परवाना सक्तीचा केला आणि गंधक डायऑक्साइडवर लक्ष केंद्रित केले. इतर शहरांचा अनुभव पाहता हा निर्णय तर्काला धरून होता. गंधक घटले, धूर घटला, पण डोळे झोंबायचे थांबले नाहीत.

कारण सापडले ते कॅलटेक या कॅलिफोर्नियातील तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत. एरी हागेन-स्मिट या डच जीवरसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. म्हणजे जे धुराड्यातून बाहेरच पडत नाही, हवेतच बनते, त्याचा बंदोबस्त करायचा होता. आणि त्याचा मोठा पुरवठादार मोटार हा होता. तेल कंपन्यांनी हा निष्कर्ष बराच काळ मान्य केला नाही. काउंटीचे पर्यवेक्षक केनेथ हान १९५३ पासून डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांना पत्रे लिहीत राहिले आणि गुळमुळीत उत्तरे मिळवत राहिले. हवा जिल्ह्याच्या हाती त्या कंपन्यांविरुद्ध कोणतेही हत्यार नव्हते. घरामागच्या अंगणात कचरा जाळण्याच्या भट्ट्या मात्र त्याच्या अधिकारात येत होत्या. त्या १९५७ मध्ये बंद झाल्या. उपाय योग्यच होता. तरीही जिथे हुकूम चालतो तिथे आधी हात घालायचा, ही या पदाची जुनी खोड त्यात दिसते.

मोटारींसाठी पुढे राज्य पातळीवर वेगळे मंडळ नेमले गेले आणि १९६८ मध्ये हागेन-स्मिटच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७३ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांना दूर केले. ज्यांच्या संशोधनावर ही सारी व्यवस्था उभी होती, त्यांनाही खुर्चीची हमी मिळाली नाही.

अधिकारांची कुंपणे

कॅलिफोर्नियात आज असे ३५ स्थानिक हवा जिल्हे आहेत. स्थिर स्रोत, म्हणजे कारखाने, तेलशुद्धीकरण प्रकल्प, रंगकाम आणि इंधन साठवण, जिल्ह्यांकडे. वाहने आणि इंधन राज्य मंडळाकडे. विमाने, जहाजे आणि रेल्वे इंजिने मुख्यतः केंद्राकडे, अशी वाटणी आहे. अनेक काउंट्यांना एकत्र बांधणारा पहिला जिल्हा सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवती १९५५ मध्ये निर्माण झाला. सर्वांत मोठा पसारा साउथ कोस्ट जिल्ह्याचा. तो १९७७ मध्ये सुरू झाला आणि लॉस एंजेलिससह चार काउंट्यांतील सुमारे १ कोटी ७० लाख लोकांची हवा त्याच्याकडे आहे. तिथल्या नायट्रोजन ऑक्साइडांपैकी सुमारे पाचात चार हिस्से वाहने, जहाजे आणि यंत्रांतून येतात. थोडक्यात, ज्या हवेचा हिशेब प्रमुखाला द्यावा लागतो, तिच्यातला मोठा वाटा त्याच्या परवान्याच्या वहीत नोंदलेलाच नसतो.

यावर एक वाट मे २०२१ मध्ये काढण्यात आली. साउथ कोस्टने एक लाख चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या गोदामांसाठी नियम केला. ट्रकला हात लावता येत नसेल, तर ट्रक जिथे येतात ती जागा चालवणाऱ्याला जबाबदार धरायचे, ही त्यामागची कल्पना. विजेवर चालणारे ट्रक, चार्जिंगची सोय, छतावरील सौरऊर्जा यांपैकी काय करायचे ते गोदामाने ठरवावे आणि वर्षाला ठरलेले गुण मिळवावेत. कायद्याची भाषा नीट वाचून आपला हात किती लांब पोहोचतो हे शोधणे, हे या पदावरील माणसाचे खरे कसब म्हणावे लागेल. अभियांत्रिकी त्यानंतर येते.

सवलत देण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे ठेवलेला नाही, आणि हे शहाणपणाचे आहे. नियम पाळण्यास मुदत हवी असेल, तर उद्योगाला स्वतंत्र सुनावणी मंडळापुढे जावे लागते. त्याच्या पाच सदस्यांत वकील, अभियंता, वैद्यकीय जाणकार आणि जनतेचे प्रतिनिधी असतात. उपद्रव थांबवण्याचा आदेश हवा असेल तर प्रमुखालाही तिथेच पक्षकार म्हणून उभे राहावे लागते.

नियामक मंडळ आणि पैसा

प्रमुखाला नेमणारे आणि काढणारे नियामक मंडळ हा या पदाचा सर्वांत निसरडा भाग. साउथ कोस्टच्या १३ जणांच्या मंडळात १० जण काउंट्या आणि शहरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात, उरलेले तिघे राज्याकडून येतात. त्यांना मतदार असतात, मतदारसंघात कारखाने असतात आणि त्या कारखान्यांत रोजगार असतो. १९९३ मध्ये मंजूर झालेल्या ‘रीक्लेम’ योजनेने मोठ्या उद्योगांना उत्सर्जनाचे हक्क आपापसांत विकण्याची मुभा दिली. आखणीच्या वेळी हक्क सढळ हाताने वाटले गेले, पुढे २०००–०१ च्या वीजटंचाईत त्यांचे भाव भडकले आणि वीज प्रकल्पांना काही काळ बाजाराबाहेर काढावे लागले. डिसेंबर २०१५ मध्ये मंडळाने कर्मचाऱ्यांचा कडक प्रस्ताव बाजूला ठेवून उद्योगांना मानवणारा पर्याय स्वीकारला. पाठोपाठ मार्च २०१६ मध्ये, १९९७ पासून पदावर असलेल्या बॅरी वॉलरस्टीन यांना बंद दाराआडच्या बैठकीत ७ विरुद्ध ६ मतांनी हटवण्यात आले. एका मताचा फरक होता, आणि असा फरक एखाद्या स्थानिक निवडणुकीनेही पडू शकतो.

पैशाचे गणितही विचित्र आहे. अशा संस्थांचे उत्पन्न बव्हंशी परवाना शुल्क, उत्सर्जन शुल्क आणि वाहन नोंदणीवरील अधिभार यांतून येते. उत्सर्जन घटले की शुल्क घटते. काम चोख झाले तर तिजोरी रोडावते. निरीक्षक, रसायनशास्त्रज्ञ आणि वकील यांचे पगार मात्र द्यावेच लागतात.

भारतातील प्रयोग

१९८१ च्या हवा कायद्याने भारतात अधिकार राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना दिले. मंडळांची प्रादेशिक कार्यालये असतात; पण तिथले प्रादेशिक अधिकारी राज्याच्या हद्दीत काम करतात, हवाक्षेत्राच्या नव्हे. संमतीपत्र देणे, तपासणी, कारणे दाखवा नोटीस, बँक गॅरंटी जप्त करणे, शेवटी बंदचा आदेश, अशी त्यांच्या कामाची चढती भाजणी असते.

राज्यांच्या सीमा ओलांडणारी कायदेशीर संस्था निघाली ती दिल्लीसाठी. १९९८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली काम करणारे, भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखालचे प्राधिकरण होते. ऑक्टोबर २०२० मध्ये वटहुकूम काढून त्याच्या जागी आयोग आणण्यात आला. तो वटहुकूम मार्च २०२१ मध्ये व्यपगत झाला, एप्रिलमध्ये पुन्हा निघाला आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला. दिल्लीसह पंजाब, हरयाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील लगतचे प्रदेश त्याच्या कक्षेत येतात. या आयोगाचे आदेश आणि राज्य सरकारचे आदेश यांत विरोध आला तर आयोगाचे चालतात. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. शेतकऱ्यांना तिच्यातून वगळून पराली (कापणीनंतर शेतात उरलेला पिकाचा पेंढा) जाळल्यास पर्यावरण भरपाई आकारली जाते. भरपाईचे दर नोव्हेंबर २०२४ मध्ये दुप्पट होऊन जमिनीच्या आकारानुसार ५,०००, १०,००० आणि ३०,००० रुपये झाले. अध्यक्ष हा केंद्राचा सचिव किंवा राज्याचा मुख्य सचिव या पदावरचा आजी वा माजी अधिकारी असावा लागतो. पहिले अध्यक्ष एम. एम. कुट्टी हे माजी पेट्रोलियम सचिव होते. म्हणजे निवड प्रशासकाची, शास्त्रज्ञाची नव्हे. ज्या कामात चार राज्यांच्या मुख्य सचिवांना फोन करून हलवायचे असते, तिथे या निवडीमागचे कारण समजण्यासारखे आहे.

कागदावर एवढे बळ असूनही सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगावर कायद्याचा वापरच होत नसल्याचा ठपका ठेवला. पुढच्या वर्षी उलटा प्रसंग घडला. मुदत संपलेल्या वाहनांना १ जुलै २०२५ पासून दिल्लीत इंधन देऊ नये, असा आयोगाचा आदेश होता. नंबरप्लेट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतल्या त्रुटी आणि शेजारच्या जिल्ह्यांत हीच बंदी नसणे ही कारणे पुढे करून दिल्ली सरकारने हरकत घेतली आणि आठवडाभरात अंमलबजावणी १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. आदेश काढणारा एक आणि पंपावर पोलीस उभा करणारा दुसरा, अशी रचना असली की हे होणारच. शिवाय टाकी भरायला गाडी सीमेपलीकडे नेता येत असेल, तर बंदी निव्वळ गैरसोय उरते.

मोजणी आणि इशारा

प्रमुखाचे सर्वांत मोलाचे भांडवल म्हणजे विश्वासार्ह आकडा. मोजणी केंद्र कुठे बसवायचे, ते बंद पडले तर काय, शंकास्पद नोंद कोण वगळणार, हे निर्णय वरवर तांत्रिक दिसतात, पण संस्थेची पत त्यांच्यावरच टिकते. चीनमधील शिआन शहरात २०१६ मध्ये पर्यावरण खात्याच्याच अधिकाऱ्यांनी हवा ओढणाऱ्या नळीत कापसाचे बोळे कोंबल्याचे उघड झाले आणि २०१७ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. वरिष्ठांकडून आकडा खाली आणण्याचा तगादा असेल आणि केंद्राची किल्लीही त्याच खात्याकडे असेल, तर हा मोह टाळणे व्यक्तीच्या सचोटीवर सोडता येत नाही. किल्ली तिसऱ्याकडे द्यावी लागते.

इशारा केव्हा द्यायचा हा दुसरा कठीण निर्णय. दिल्लीची श्रेणीबद्ध कृती योजना २०१७ मध्ये अधिसूचित झाली. हवा गुणवत्ता निर्देशांक २०० ओलांडल्यावर पहिला टप्पा आणि ४५० च्या वर चौथा, अशी तिची २०२२ पासूनची रचना आहे. आधी हवा बिघडल्यावर निर्बंध लागू होत. २०२२ च्या सुधारणेने तीन दिवसांच्या अंदाजावरून आगाऊ पाऊल उचलण्याची सोय केली. अंदाज चुकला तर बांधकामे विनाकारण बंद राहून मजुरांची रोजी बुडते. वाट पाहिली तर नोव्हेंबर २०२४ सारखे होते. तेव्हा निर्देशांक मर्यादेपलीकडे गेल्यावरही चौथा टप्पा उशिरा लावल्याबद्दल न्यायालयाने खडसावले आणि आपल्या परवानगीशिवाय तो उठवू नये असे बजावले.

कामगिरीचे मूल्यमापन

या पदाच्या यशापयशाचा हिशेब वारा आणि पाऊस मोठ्या प्रमाणावर बिघडवतात. पावसाळा लांबला किंवा थंडीत वारा वाहता राहिला तर काहीही न करता आकडा सुधारतो. हवेचा थर खाली दबून राहिला तर चांगल्या वर्षातही तो चढतो. म्हणून हवामानाचा परिणाम वजा करून कल पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे. अमेरिकेत पीएम २.५ चे, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कणांचे, वार्षिक मानक पाळले की नाही हे सलग तीन वर्षांच्या सरासरीवर ठरते. २०२४ मध्ये ते मानक १२ वरून ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असे खाली आणण्यात आले. भारताचे वार्षिक मानक २००९ पासून ४० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ आहे. त्यामुळे एकच हवा एका यादीत उत्तीर्ण आणि दुसऱ्या यादीत अनुत्तीर्ण ठरू शकते. दिल्लीच्या आयोगाच्या अध्यक्षाची मुदतही तीन वर्षांची किंवा वयाच्या सत्तरीपर्यंतची आहे. त्यामुळे तीन वर्षांच्या सरासरीने मोजायचे ठरवले, तर एका अध्यक्षाने रुजू झाल्यावर घेतलेल्या निर्णयांचा पुरता हिशेब बहुधा त्याच्यानंतर आलेल्याच्या टेबलावर येईल.