वंशावळीत हरवणारी भावंडे : 'ए.कु.मॅ.' नोंदीची पार्श्वभूमी

घराण्याची वंशावळ जुळवताना थोरल्या भावाचा माग सहसा लागतो. धाकटे भाऊ आणि बहिणी मात्र एकदोन पिढ्यांतच दिसेनाशा होतात. पेशवाईतल्या वंशावळी बहुतांशी वतनाच्या तंट्यांसाठी लिहिल्या जात आणि त्यांत वतनावर हक्क सांगू शकणारे पुरुषच येत.

मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंद, म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क याची सरकारी नोंद, सुरू झाली आणि सामान्य कुळांचीही नावे कागदावर आली. मात्र वडील वारल्यावर जमीन पुष्कळदा थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहून त्याच्या एकट्याच्या खाती लागली. हा मालकीचा शेरा नव्हे, कारभाराचा आहे. तरीही पुढच्या पिढ्यांनी तो मालकीचा मानला, भावकीत दावे लागले, आणि वंशावळ लिहिणाऱ्यांनी अशा थोरल्याला एकुलता एक ठरवून टाकले. वास्तविक या शेऱ्यामुळे त्याला भावंडे असावीत असाच संशय यायला हवा. सज्ञान भावाने अज्ञान भावंडांसाठी सांभाळलेल्या जमिनीवरचा 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालन कर्ता, हा शेराही असाच फसवतो. म्हणून केवळ सातबारा पाहून थांबू नये. त्यामागचा वारसाचा फेरफार, म्हणजे मयताच्या जागी वारस लावल्याची नोंद, काढावा, कारण मयताच्या वारसांची नावे तिथे सापडण्याची शक्यता अधिक असते.

1956 च्या उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारसांत येऊ लागली, पण अनेक गावांत ती 'इतर हक्क' या रकान्यात ढकलली गेली आणि पुढे हक्कसोडपत्राने तिथूनही गेली. राज्याने 1994 मध्ये मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, केले खरे, परंतु 22 जूनपूर्वी लग्न झालेल्या बहिणींना वगळून, म्हणजे सख्ख्या बहिणींतच भेद करून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने वडील त्या दुरुस्तीपूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. बहिणींचा शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला तो यानंतर, आणि बऱ्याचदा वकिलाच्या सांगण्यावरून.

2023 पासून कुणबी जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या नोंदींसाठी मोडीतले गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदी, धुंडाळल्या जात आहेत. नोंद पणजोबांच्या भावाची सापडली, तर दोघे सख्खे होते हे कागदानिशी दाखवावे लागते, आणि इतकी वर्षे कुणी न विचारलेला चुलत पणजोबा अचानक महत्त्वाचा ठरतो. बहिणींच्या बाबतीत अडचण निराळी, कारण लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही अनेकदा बदलले जाई. ती शाळेत गेली असेल, तर माहेरचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळते.