सर्व्हर बदलण्याआधी आपली रोजनिशी उतरवून घ्या

नमस्कार,

तुमची ऑनलाइन रोजनिशी ज्या सर्व्हरवर आहे तो आता थकला. सगळ्या नोंदी आम्ही नव्या सर्व्हरवर नेतोय. त्यासाठी एका शनिवारी रात्री १० पासून रविवार दुपारपर्यंत साइट बंद राहील. तारीख तुमच्या ईमेलवर आली आहे, लॉगिनच्या पानावरही लावली आहे. त्याआधी प्रत्येकाने आपल्या नोंदींची एक प्रत स्वतःकडे उतरवून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्रक.

‘तुम्ही बॅकअप घेत नाही का?’ असं फोनवर हमखास विचारलं जातं. घेतो, रोज रात्री घेतो. पण ते सगळ्यांच्या नोंदींचं एकच मोठं गाठोडं असतं आणि ते आमच्याच यंत्रणेवर सुटतं. शिवाय हलवाहलवीत एखादी नोंद बिघडली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढच्या बॅकअपमध्ये ती बिघडलेलीच जाते. मोठमोठ्यांचं हे झालेलं आहे. सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुनी गाणी, फोटो आणि व्हिडिओ गेले, असं मायस्पेस या सोशल मीडिया साइटने २०१९ मध्ये सांगितलं. आमचं तर चार माणसांचं ऑफिस.

आमच्याकडे काय झालं तेही सांगून टाकतो. चाचणीसाठी एका सहकाऱ्याने स्वतःची रोजनिशी नव्या सर्व्हरवर टाकली. एक नोंद ‘आज चिऊ कुणाचाही हात न धरता चालली’ इथेच संपली, पुढचे दोन परिच्छेद गायब. त्या वाक्याच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्याची इमोजी होती. कॉम्प्युटरवर जागा बाइटमध्ये मोजतात; देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, अशा इमोजीला चार. नोंदी साठवणाऱ्या मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरची अक्षरं साठवण्याची जुनी ‘यूटीएफ८’ मांडणी तीनच बाइटपर्यंत पोचते, आणि आमच्या हातून एक टेबल त्याच मांडणीत तयार झालं होतं. चौथा बाइट आला की तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. इशारा येतो, पण कुठल्या तरी कोपऱ्यात, आणि आम्ही तो पाहिला नव्हता. आता ते दुरुस्त केलं आहे. मूळ प्रत हाताशी होती म्हणून चूक सापडली.

उतरवायचं कसं

लॉगिन करून ‘माझं खातं’मध्ये जा आणि ‘सगळ्या नोंदी उतरवा’ दाबा. ‘अर्धवट नोंदी’समोरची खूण आपोआप येत नाही, ती आठवणीने करा. पुष्कळांच्या खऱ्या नोंदी तिथेच पडून असतात. कुलूप लावलेल्या नोंदींची किल्ली आमच्याकडे नाही. त्या तुम्हालाच आधी उघडाव्या लागतील, नाहीतर फाइलमध्ये नुसती अगम्य अक्षरं येतील.

फाइलचे तीन प्रकार दिसतील. आमचं मत विचाराल तर एचटीएमएल घ्या. ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट नसलं तरी. पीडीएफ छापायला सुरेख, पण तिच्यातून मराठी मजकूर परत कॉपी केला की ऱ्हस्व वेलांटी बरेचदा भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, आणि शोधही धड लागत नाही. साधी टेक्स्ट फाइल ठेवणाऱ्यांनी नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘एएनएसआय’ निवडू नये. एकदा तसं केलंत की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत फिरत नाहीत.

जागेची चिंता नको. ३०० शब्दांची नोंद म्हणजे जेमतेम पाच-सहा केबी. दहा वर्षं रोज लिहिलंत तरी मजकूर २०-२५ एमबीच्या आसपास भरतो. जागा खातात ते फोटो. ते वेगळ्या झिपमध्ये येतात, तीही घ्या.

उघडून बघा

फाइल आली म्हणून काम झालं असं समजू नका. झिप आधी मोकळी करा. मग तीन नोंदी वाचा: सगळ्यात जुनी, एक इमोजीवाली आणि एक मध्यरात्रीनंतर लिहिलेली. ही तिसरी अशासाठी, की सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. हिशेब चुकला तर रात्री १२ ते पहाटे साडेपाचच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते. रात्रपाळीवाल्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या आयांनी हे जरूर बघावं.

श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमधून चिकटवलेला मजकूर आजही चित्रविचित्र अक्षरांत दिसत असेल, तर नव्या सर्व्हरवरही तसाच दिसेल. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणायचं काम वेगळं आहे, सावकाश करू.

ठेवायची कुठे

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत कित्येक घरांत वह्या आणि कागदपत्रं वाळत घातलेली आम्ही पाहिली. एका काकांच्या डायरीची पानं रद्दीत एकेक करून दाबली, तरी शाई पसरलेलीच होती. पेनड्राइव्ह त्याच कपाटात असेल तर त्याची गतही तीच. म्हणून एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी, मुलाकडे किंवा बहिणीकडे. झिपला पासवर्ड मात्र लावा; मायेची माणसंसुद्धा वाचतात.

झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर रोजनिशी उतरवू नका. तुम्ही निघून येता, फाइल तिथल्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते. आणि आमच्या नावाने कोणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. आम्हाला तो कधीच लागत नाही.

जुना सर्व्हर बदलानंतर ३० दिवस नुसता वाचण्यासाठी चालू ठेवू, मग पुसून टाकू. या मुदतीत काही कमी-जास्त दिसलं, तर नोंदीची तारीख आणि पहिली ओळ कळवा. बाकीचा मजकूर पाठवू नका, तो आम्ही वाचत नाही.

स्वतः जमत नसेल तर रिकामा पेनड्राइव्ह घेऊन ऑफिसात या. सकाळी १० ते संध्याकाळी ६, दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी, गुरुवारी बंद. पैसे नाहीत. फक्त पासवर्ड आठवून या, तो विसरलेल्यांचीच रांग लांब असते.